साशंकांचे ऋण किती मानावे?

परीक्षांचे निकाल लागले, की गावोगाव गुणवंतांच्या सत्काराचे समारंभ सुरू होतात. शाल, श्रीफळ आणि सत्कारमूर्तींचे चार शब्द असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. या चार शब्दांत अलीकडे एक वाक्य हटकून ऐकू येते. 'तुला हे जमणार नाही, असे जे मला म्हणाले, त्यांचाच मी सर्वाधिक ऋणी आहे,' असे सत्कारमूर्ती सांगतात, सभागृहात टाळ्या पडतात, आणि मागच्या रांगेत बसलेली, यंदा अपयश पदरी आलेली दोनचार मुले मनाशी काही निश्चय करून घरी जातात. या वाक्यात अभिमान आहे, किंचित सूडही आहे, आणि सत्याचा अंशही आहे. परंतु ते अर्धेच सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर आयुष्याची उभारणी करणे धोक्याचे असते.

इतरांची शंका हे आपले इंधन आहे, असे म्हणणाऱ्यांनी इंधनाचा स्वभावही ध्यानात घ्यावयास हवा. कोळशाच्या ढिगाने आगगाडी चालत नाही. तो ढीग उघड्यावर पेटला, तर भोवतालचे सारे भस्म होते. त्याच कोळशाची आग बंदिस्त भट्टीत राहिली, तिने पाण्याची वाफ केली आणि त्या वाफेने दट्ट्या ढकलला, तरच डबे हलतात. अर्थात, श्रेय इंधनाइतकेच, किंबहुना अधिक, इंजिनाचे असते. तेव्हा प्रश्न असा, की दुसऱ्याने आपल्या पात्रतेविषयी घेतलेल्या शंकेची वाफ कशी होते, आणि तिचा केवळ चटका कधी बसतो? महाराष्ट्राला परिचित असलेल्या तीन चरित्रांतून याचे काही उत्तर हाती लागते.

शंकांची यादी

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात एका मराठी तरुणीने इंग्रजीतून भाषण केले. तिचे वय अठरा वर्षेही पूर्ण नव्हते. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेली ही तरुणी म्हणजे आनंदीबाई जोशी. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस असल्याने त्यांचा मुक्काम तेथे होता. वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस जाण्याचा आनंदीबाईंचा बेत जाहीर झाला होता, आणि त्यावर सर्व बाजूंनी शंकाकुशंकांचा वर्षाव चालला होता. रस्त्याने पतीसमवेत चालू लागले तरी टवाळी सोसावी लागावी, असे ते दिवस होते.

या परिस्थितीत आनंदीबाईंनी केले काय? त्यांनी रडगाणे गायले नाही आणि शंकेखोरांना शिव्याशापही दिले नाहीत. त्यांनी शंकांची यादी केली. अमेरिकेस का जावयाचे? शिक्षणाची सोय हिंदुस्थानात नाही काय? एकटीनेच का जावयाचे? परतल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय? तिकडे काही संकट ओढवले तर काय करणार? आणि अखेरचा प्रश्न असा, की आजवर आपल्यांतील कोणत्याही स्त्रीने जे केले नाही, ते मी का करावे? असे सहा प्रश्न त्यांनी श्रोत्यांपुढे मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले.

ही यादी नीट पाहिली, की एक गोष्ट लक्षात येते. यांतील प्रत्येक शंका वेगळ्या जातीची आहे. देशात सोय आहे की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर माहितीनेच देता येत होते. एकटीने का जायचे, हा घरच्या परिस्थितीचा आणि पैशाचा प्रश्न होता. बहिष्काराची भीती हा परिणामांचा प्रश्न होता. त्यावर आपण तिकडे आपल्याच पोशाखात, आपल्याच आहारावर राहणार असून, बहिष्कारच घालावयाचा असेल तर तो आजच खुशाल घालावा, असे त्यांनी निर्भयपणे बजावले. सहावा प्रश्न मात्र माहितीचाही नव्हता आणि सोयीचाही नव्हता. तो तत्त्वाचा होता आणि त्याला कृतीखेरीज उत्तर नव्हते. त्याच वर्षी ७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली.

शंका जोवर कुजबुजीच्या रूपात असते, तोवर ती विषासारखी पसरते. तिला प्रश्नाचे रूप दिले, की तिचे विष उतरते आणि तिला उत्तर देता येते. आनंदीबाईंनी हे साधले. लोकांनी ज्या मुद्द्यांवर त्यांना अडविले, त्याच मुद्द्यांची त्यांनी स्वतः आधी उलटतपासणी केली.

वाटाण्याचे रोप

दुसरे उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचे. १९१० च्या अखेरीस मुंबईच्या एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून, आपल्या देवादिकांचे असेच चित्रपट आपण का काढू नयेत, या विचाराने ते झपाटले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. छायाचित्रण झाले, छपाईचा धंदा झाला, भागीदारांशी बिनसून तोही हातचा सुटला, अशी त्यांची पूर्वपीठिका होती. अशा माणसाने, ज्या धंद्याचा देशात मागमूस नाही त्यासाठी भांडवल मागावे, आणि सावकाराने ते निःशंकपणे द्यावे, ही अपेक्षा करणे व्यर्थ होते. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, तेव्हा तेथील एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांनीही प्रथम त्यांना या फंदात न पडण्याचाच सल्ला दिला. फाळक्यांची चिकाटी पाहिल्यावर मात्र त्याच संपादकांनी त्यांना साह्य केले.

लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते परतले. परंतु संपूर्ण बोलपटाएवढ्या लांबीचा मूकपट काढण्यासाठी लागणारा पैसा कोठून आणावयाचा? येथे फाळक्यांनी जे केले, ते प्रत्येक होतकरू माणसाने लक्षात ठेवावे असे आहे. त्यांनी सावकारापुढे व्याख्यान दिले नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोखला. महिन्याभराहून अधिक काळ दररोज ठरल्याप्रमाणे थोडेथोडे चित्रण केले. दाणा रुजून त्याचा वेल होईपर्यंतची सारी वाढ मिनिटाभरात पडद्यावर दिसू लागली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही चिमुकली फिल्म पाहून कर्ज देणारे पुढे आले.

सावकाराची शंका अन्यायाची नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. 'या माणसाला हे यंत्र खरोखरच चालविता येते काय?' असे त्याला कोणीही विचारले असते. फाळक्यांचा मोठेपणा असा, की या शंकेत त्यांनी आपला अपमान शोधला नाही. नेमके काय सिद्ध करावयाचे आहे, याची सूचना शोधली. शंका एक रुपयाची असेल, तर तिचे उत्तर शंभर रुपयांच्या वल्गनेने मिळत नाही. एक रुपयाचा रोकडा पुरावा दिला, की ती फिटते. पुढचे सर्वज्ञात आहे. सरस्वतीबाईंचे दागिने पणास लागले, त्यांनी स्वतः रात्ररात्र फिल्मला भोके पाडण्याचे काम केले. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाकडून ती करून घेतली. अखेर ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

एका वर्षाची अट

तिसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. कारण येथे शंका घेणारा सामान्य माणूस नव्हता. १९३३ साली कमला भागवत यांनी मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी पहिल्या वर्गात, अग्रक्रमाने मिळविली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि चुलते याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. अर्ज नाकारण्यात आला. कारण एकच होते, अर्जदार स्त्री होती. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, १९३० चे नोबेल पारितोषिक मिळविणारे.

कमलाबाई बंगळूरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला हक्क सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही. कामाचा दर्जा संचालकांस पटला तरच ते मान्य होईल. आणि आपल्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होऊ देता कामा नये! यांतील पहिल्या दोन अटी कठोर होत्या, तिसरी अपमानकारक होती. कमलाबाईंनी तिन्ही मान्य केल्या, आणि श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या श्वसनक्रियेशी निगडित द्रव्यासंबंधीच्या संशोधनावर १९३९ साली पीएच.डी. झाल्या. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांचा होता.

या कहाणीतील सर्वांत मोलाचा भाग पदव्यांचा नव्हे. रामन यांच्या त्या वागणुकीचा सल कमलाबाईंनी आयुष्यभर लपविला नाही. शास्त्रज्ञ म्हणून ते थोर, परंतु दृष्टीने संकुचित, असे त्या उतारवयातही स्पष्टपणे सांगत. म्हणजे त्यांनी कृतज्ञतेचे नाटक केले नाही. तथापि त्यांच्या वर्षभराच्या कामामुळे संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठी उघडले. शंकेचे खरे उत्तर ते, की ज्यामुळे आपल्यामागून येणाऱ्याला त्याच उंबरठ्यावर तिष्ठत उभे राहावे लागत नाही.

शंका कोणाची, कशाविषयी?

या तीन उदाहरणांत समान काय आहे? तिघांनीही शंका घेणारा माणूस आणि त्याची शंका यांची फारकत केली. माणसाशी भांडण्यात शक्ती दवडली नाही. शंकेतील तथ्य तेवढे वेचून घेतले. दुसरे असे, की शंका घेणाऱ्याचा अधिकार कोठवर चालतो, हे त्यांनी तपासले. प्रकाशाच्या विकिरणाविषयी रामन यांचा शब्द प्रमाण होता. स्त्रीच्या बुद्धीविषयी नव्हता. कमलाबाईंनी ही सीमारेषा ओळखली, म्हणूनच एवढ्या मोठ्या माणसाच्या नकाराने त्या खचल्या नाहीत.

आधुनिक मानसशास्त्रही याला दुजोरा देते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वॉर्टन संस्थेतील सॅमिर नूरमोहम्मद यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की इतरांच्या कमी अपेक्षांमुळे माणसाची कामगिरी कधीकधी सुधारते; परंतु हे घडते ते त्या इतरांचा अधिकार त्याला फारसा विश्वासार्ह वाटत नाही तेव्हा. शंका घेणाऱ्यावरच त्याचा पूर्ण विश्वास असेल, तर त्याला ती चूक ठरविण्याची ईर्षा वाटत नाही. परिणाम उलटाही होऊ शकतो.

शिक्षकवर्गाने विचार करावा तो नेमका येथे. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या गुरुजींचा किंवा बाईंचा अधिकार तपासता येत नाही. बाई म्हणतात तेच सत्य, अशीच त्याची श्रद्धा असते. तेव्हा 'गणित तुझ्या नशिबात नाही' हे वर्गात सहज फेकलेले वाक्य त्या मुलाच्या मनात शंका म्हणून राहत नाही. निकाल म्हणून राहते. रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. काही मुले यंदा विशेष प्रगती करतील, असे शिक्षकांस सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. तरीही वर्षअखेर, विशेषतः खालच्या इयत्तांत, त्या मुलांची बुद्धिमापनातील प्रगती इतरांहून अधिक आढळली. या परिणामाच्या व्याप्तीविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु शिक्षकाचा विश्वास हीदेखील एक शक्ती आहे, आणि अविश्वासही, हे सूत्र विसरण्याजोगे नाही.

जळून गेलेल्यांचा हिशेब

'आम्हांलाही लोक नावे ठेवीत होते, म्हणून तर आम्ही घडलो,' असे म्हणून तरुणांचा पाणउतारा करणाऱ्या वडीलधाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांच्या युक्तिवादातील दोष असा, की ते केवळ तरलेल्यांची गणना करतात. एका कमलाबाईंची नोंद इतिहासात झाली. परंतु नकाराचे पत्र हाती पडताच निमूटपणे घरी परतलेल्या, आणि ज्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत, अशा मुलींचा हिशेब कोणत्या वहीत आहे? वादळात एक झाड ताठ उभे राहिले, म्हणून वादळ हे खत ठरत नाही.

शिवाय शंका कधीकधी रास्तही असते. अमेरिकेला निघण्यापूर्वीच आनंदीबाईंची प्रकृती नाजूक होती. जिद्दीने मन जिंकता येते, शरीर नेहमीच जिंकता येत नाही. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. ती हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय बावीसही नव्हते. त्यांचे जाणे व्यर्थ होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रकृतीची काळजी वाहणारा प्रत्येक जण प्रगतीचा शत्रू होता, असेही म्हणता येणार नाही. काळजीपोटी आलेली शंका आणि कुत्सितपणे आलेली शंका यांत भेद करता येणे, हे प्रौढ बुद्धीचे लक्षण होय.

आणखी एक मर्यादा आहे. इतरांना खोटे पाडण्याची ईर्षा माणसाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडते, पुढचा प्रवास तिच्या बळावर होत नाही. 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आल्यानंतर 'चित्रपट काढता येईल काय?' ही शंका संपली. फाळके त्यापुढे पाव शतक ज्या बळावर चालत राहिले, ते कामाच्या ओढीचे होते. भागीदारांशी मतभेद झाले, मूकपटांचा जमाना सरला. १९३७ साली आलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट ठरला, आणि १९४४ मध्ये नाशिक येथे बऱ्याचशा उपेक्षेत त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. ज्याने केवळ टाळ्यांसाठी किंवा टीकाकारांची तोंडे बंद करण्यासाठी काम केले असते, तो या वाटेवर इतका काळ टिकता ना.

आज पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना, दिवसभर कचेरीतील टिपणे लिहून रात्री खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कारकुनाला, किंवा संसार सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊ पाहणाऱ्या गृहिणीला या साऱ्यांतून काय घेता येईल? कोणी शंका घेतली, तर ती कागदावर प्रश्नाच्या रूपात उतरवावी. ती माहितीची आहे, परिस्थितीची आहे, की निव्वळ पूर्वग्रहाची, हे पाहावे. माहितीची असेल तर माहिती मिळवावी. परिस्थितीची असेल तर तजवीज करावी. पूर्वग्रहाची असेल, तर वाटाण्याच्या रोपाएवढा का होईना, एक रोकडा पुरावा उभा करावा आणि पुढे चालू लागावे. आणि शंका खरी ठरली, म्हणजे निवडलेली वाट आपली नाही असे प्रामाणिकपणे आढळून आले, तर वाट बदलण्यात कमीपणा मानू नये. शंकेखोराला खोटे पाडण्यासाठी उमेदीची चारपाच वर्षे जाळणे, हा इंधनाचा उपयोग नव्हे.

ज्यांच्या हाती दारे आहेत, त्यांच्यासाठी या कथेत एक शेवटची नोंद आहे. रामन स्वतः १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे सरकारी अर्थखात्यात हिशेबाची नोकरी करीत होते, आणि कचेरीच्या आधी व नंतरच्या वेळात कलकत्त्याच्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. हिशेब खात्यातील माणसाच्या हातून मूलभूत विज्ञान घडेल, असे त्या काळी फार जणांच्या मनात आले नसेल. रूढ वाटेने न आलेल्या संशोधकाला जागा मिळाली तर काय घडू शकते, याचे ते स्वतःच जिवंत उदाहरण होते. तरीही सोळा वर्षांनी एक विद्यार्थिनी दारात उभी राहिली, तेव्हा त्यांच्या तोंडून नकारच आला. एवढ्या मोठ्या माणसाचे असे होते, तर वर्गात, कचेरीत, निवड समितीत बसणाऱ्या आपणां सर्वांचे होणे किती सोपे आहे! दुसऱ्याच्या शंकेचे इंधन करणे हा ज्याच्या त्याच्या पुरुषार्थाचा भाग झाला. ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यांनी 'तुला जमणार नाही' हे तीन शब्द उच्चारण्यापूर्वी त्याला किंवा तिला निदान एक कुंडी, एक दाणा आणि महिन्याभराचा अवधी द्यावा.